पाहिलेल्यापुरती सही

४ मार्च

काका,

वर नमस्कार लिहायचा की नाही यावर अर्धा तास गेला. सात वर्षांनी एकदम नमस्कार लिहिला तर काहीतरी मागायला आल्यासारखं वाटतं, आणि नाही लिहिला तर भांडायला. म्हणून तेवढी जागा सोडली आहे.

मी आता ज्या कार्यालयात काम करते, तिथे पोलिसांत नव्याने आलेल्यांचं ठाण्यावरचं शिक्षण कसं चाललंय ते तपासतात. वर्षभर एका जुन्या हवालदाराच्या हाताखाली काम करायचं, वहीतली बेचाळीस कामं एकेक करून दाखवायची आणि प्रत्येकावर त्याची 'पाहिले' अशी सही घ्यायची, ते वर्ष. तुम्हाला हे समजावून सांगणं म्हणजे माशाला पोहणं शिकवणं आहे. पण सगळं पहिल्यापासून सांगायची सवय तुमचीच.

आमच्या पथकात तिघं आहोत. मोठ्या बाई प्रमुख. दुसरे एक निवृत्त अधिकारी, त्यांना कार्यालयात मोजणीमास्तर म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि ते खूश होतात. मास्तर वह्या मोजतात. मी शिकाऊ शिपायांच्या मागे दिवसभर फिरते आणि दिसेल ते टिपते.

या फेरीत चार ठाणी आहेत. तिसरं तुमचं.

यादीबरोबर एक फॉर्म आला. 'तपासणीच्या ठाण्यात आपले कोणी नातेवाईक आहेत काय?' मी तो रकाना रिकामा ठेवला. ज्यांच्याशी बोलणं नाही, ज्यांच्या घरी जाणं नाही, ते धरायचे की नाही याचा खुलासा फॉर्मवर नव्हता. आडनाव सारखं असूनही कुणाला शंका आली नाही. आपल्या आडनावाची माणसं पैशाला पासरीभर.

तुम्ही दादाच्या वहीतल्या एका कामावर सही दिली नाहीत आणि त्याची नोकरी गेली, तेव्हापासून घरात तुमचं नाव निघत नाही. बाबांनी तुम्हाला ते पत्र पाठवलं त्याला येत्या जूनमध्ये सात वर्षं होतील. हे टोचायला लिहीत नाही. तारखा जुळतात का ते बघत होते.

तपासणी चालू असताना ठाण्यातल्या कुणालाही पत्र पाठवायला मनाई आहे. लिहायला नाही. हे खणात राहील.


९ मार्च

काका,

आधी दुरुस्ती. रकाना मी रिकामा ठेवला नव्हता. 'नाही' असं लिहिलं होतं. खणातल्या पत्रातही खोटं लिहावंसं का वाटलं ते कळत नाही. पहिलं पत्र फाडून नव्याने लिहिता आलं असतं, पण तुम्ही आम्हाला खोडरबर वापरू द्यायचा नाहीत. चुकलेलं एका रेघेने खोडायचं, खालचं वाचता आलं पाहिजे.

पहिलं ठाणं झालं. इमारत नवी, भिंतींवर तक्ते, खुर्च्यांना चाकं. वह्या तर अशा की हात लावताना हात पुसून घ्यावेत. सहा महिन्यांतच बेचाळीसच्या बेचाळीस सह्या, सगळ्या निळ्या, सगळ्या एकाच तिरक्या वळणाच्या. मास्तर वही मिटताना म्हणाले, "वा! याला म्हणतात शिस्त."

मी तिथल्या शिकाऊ शिपायाबरोबर बसले. कोठडीत कुणाला ठेवलं असेल तर दर अर्ध्या तासाने जाऊन पाहायचं आणि वेळ लिहायची, हे त्यांचं एकतिसावं काम. त्याच्या नोंदी बघितल्या. अकरा, साडेअकरा, बारा, साडेबारा. मिनिटभर इकडेतिकडे नाही.

मी विचारलं, "त्या दिवशी कोर्टात कागद घेऊन तुम्हीच गेला होतात ना?"

"हो मॅडम. साडेदहाला गेलो, एकला आलो." मग तो थांबला. माझ्याकडे बघितलं, रजिस्टरकडे बघितलं. "म्हणजे... नोंद असते ना ती. ती ठेवावीच लागते."

त्याला त्यात काही लपवण्यासारखं वाटत नव्हतं, हे मला जास्त टोचलं. मी ते टिपलं. मोठ्या बाईंनी वाचलं आणि अहवालात 'सुधारणेस वाव' असं घातलं. मास्तर म्हणाले, "पोरी, वाव सगळीकडेच असतो. माझ्या गुडघ्यातही आहे."

त्या ठाण्याचं गुणांकन 'उत्तम' होईल. शंभरातले सत्तर गुण वह्यांना आहेत.


१७ मार्च

काका,

आज तुमच्याकडे येऊन गेले. तुम्ही होताच, पण क्रमाने लिहिते.

जिन्याखालची ती खोली, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं टेबल, आणि तुम्ही उभे. केस सगळे पांढरे झालेत. मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? मोठ्या बाई, मास्तर, मग मी, अशा क्रमाने तुम्ही आमच्याकडे बघितलंत आणि तिघांनाही एकसारखंच म्हणालात, "या, बसा." माझ्यावर नजर जेवढी थांबायला हवी तेवढीच थांबली.

मास्तरांनी वह्या मागितल्या. दोन शिकाऊ, दोन वह्या. एकीत एकोणीस सह्या, दुसरीत बावीस.

"हवालदार, सहा महिने झाले. छत्तीस तरी पाहिजेत."

"आहेत तेवढ्या पाहिल्यात."

"अहो, पण बाकीची कामं पोरांनी केली नाहीत का?"

"केली असतील. मी नव्हतो."

"मग दुसऱ्या कुणाला विचारून सही करायची!"

"पाहिले असं लिहिलंय त्यावर," तुम्ही म्हणालात. "विचारले असं छापा, विचारून करतो."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना हसू आलं की राग, ते सांगता येणार नाही. फक्त चष्मा पुसताना दिसल्या.

मग मी तुमच्या शिकाऊ मुलीबरोबर गेले, ती जाड चष्म्याची. कोठडीत एक शिंपी होता, शेजाऱ्याशी मारामारी केलेला, भिंतीकडे तोंड करून पडलेला. ती गजांपाशी जाऊन नुसती डोकावली नाही. तिने हाक मारली.

"मामा, नाव सांगा."

"सकाळपासून पाच वेळा सांगितलंय! बदलणार आहे का नाव?"

"बदललं तर तसं लिहीन. इकडे वळून सांगा."

तो शिव्या देत वळला. तिने त्याच्या डोळ्यांकडे आणि ओठांकडे बघितलं, पाणी हवं का विचारलं, आणि मग घड्याळ बघून लिहिलं, अकरा सात. पुढची नोंद अकरा चौतीस. त्यापुढची अकरा अठ्ठावन्न. मी तिन्ही वेळा तिथे होते. तिसऱ्या वेळी शिंप्यानेच आधी आपलं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि वर म्हणाला, "लिही, म्हणजे पाठ होईल तुला."

मी तिला विचारलं, "बरोबर अर्ध्या तासाने का येत नाही?"

ती म्हणाली, "येते त्या वेळेला येते. आमचे हवालदार म्हणतात, सरळ आकडे दिसले की समजायचं माणूस खुर्चीत होता."

त्या वाक्यावर मला दहा वर्षांची झाल्यासारखं वाटलं. (वाटलं. दिसलं काही नाही.) दम्यामुळे माझी शाळा पाचवीपर्यंत घरातच झाली. आईचं गणित, बाबांचा भूगोल, आणि ड्यूटीवरून येऊन बूट न काढता तुम्ही घेतलेला निबंध. खिडकीतून बघून लिही. मी लिहायची, 'समोरची बाई रागावली होती.' तुम्ही एक रेघ ओढायचात. "राग दिसला तुला? काय दिसलं ते लिही." मग मी लिहायची, 'समोरच्या बाईने बादली जोरात ठेवली.' या नोकरीच्या मुलाखतीत मी एवढंच सांगितलं होतं आणि मोठ्या बाईंनी मला घेतलं.

निघताना बाकीचे दोघं पुढे गेले तेव्हा तुम्ही दाराशी हळूच विचारलंत, "नात्याचा रकाना भरलास ना?"

मी "हो" म्हणाले.

तुम्ही मान हलवलीत आणि आत गेलात. तुमच्याशी सात वर्षांत एवढंच बोलणं झालं, आणि ते असं झालं.


रविवार

काका,

तुमचं ठाणं कुठे उभं आहे ते आधी सांगते. वह्यांच्या हिशेबाने ते 'अपुरे'मध्ये जातं. तसं झालं तर दोन्ही शिकाऊ दुसरीकडे जातील आणि पुढची तीन वर्षं त्या ठाण्याला नवं कुणी मिळणार नाही. तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आहे. म्हणजे तुमचं शिकवणं संपलं. मात्र नियमात एक वाट आहे. पाहणी करणाऱ्याची प्रत्यक्ष टिपणं पुरेशी भक्कम असतील तर गुणांकन एक पायरी वर नेता येतं. ती टिपणं माझी आहेत, अकरा पानं. मोठ्या बाईंनी वाचून समासात 'पुरेसे' असं लिहिलं आहे, पेन्सिलीने.

हे होत असताना मी एका गोष्टीत अडकले. तुम्ही दादाला सही दिली नाहीत ते आकसाने, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. बाबांना आधी बढती मिळाली, त्याचा राग तुम्ही पोरावर काढलात, असं. मीही ते धरून चालले. पण परवा तुम्हाला बघितल्यावर ते बसेना. म्हणून आज दादाकडे गेले. तो ड्रायव्हिंग शिकवायची गाडी पुसत होता, दोन ब्रेकवाली.

मी विचारलं, "कुठल्या कामावर सही नव्हती रे तुझ्या?"

"आज काय उकरून काढलंस?"

"एकतीस का?"

तो बोनेट पुसत राहिला. तीच जागा पुन्हा पुन्हा. मग म्हणाला, "तुला काकांनी सांगितलं?"

"नाही. ते बोलत नाहीत माझ्याशी."

"मग बरोबर ओळखलंस." त्याने फडकं पिळलं. "दोन वाजता बसलो आणि चारपर्यंतच्या नोंदी करून टाकल्या. सगळेच करायचे. मॅच होती. काका सव्वातीनला आले, रजिस्टर उघडलं, साडेतीनची नोंद वाचली आणि घड्याळाकडे बघितलं. झालं."

"कोठडीत कोण होतं?"

"एक म्हातारा. झोपला होता. काही झालं नाही गं त्याला. काका आत जाऊन त्याला उठवून आले, पाणी पाजलं."

"पुढे?"

"मला म्हणाले, हे काम परत करून दाखव, महिनाभर, मी बघतो. मी म्हटलं, सगळ्यांना सही देता, मलाच का नाही? पुतण्या म्हणून? तर म्हणाले, पुतण्या म्हणून महिनाभर थांबतोय, नाहीतर आजच वर कळवलं असतं. मला राग आला. मी गेलोच नाही परत."

"आणि बाबांना काय सांगितलंस?"

"सांगितलं काहीच नाही. त्यांनीच सगळं ठरवलं, मी नुसतं नाही म्हटलं नाही." मग माझ्याकडे न बघता, "काकांनी तरी कुठे सांगितलं? एका शब्दाने सुटले असते."

मला तेवढं पुरे होतं, पण उठवेना. शेवटी त्यानेच विचारलं, "बाबांना सांगणार आहेस?"

मी म्हटलं, "ते तुझं काम."

आता माझं. बाबांचं पत्र तुम्हाला आलं ते माझ्या अक्षरात होतं, हे तुम्ही ओळखलं असणारच. बाबांनी सांगितलं आणि मी नुसतं उतरवलं, असं मी स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. बाबांनी सांगितलं होतं, 'यापुढे येऊ नकोस.' त्याच्या खालचं 'मुलं तुझ्या हाताखाली शिकली याची लाज वाटते' हे वाक्य मी घातलं. बाबांनी वाचून तसंच ठेवलं. मी सोळा वर्षांची होते. वाक्य चांगलं जमलं म्हणून मला बरंही वाटलं होतं.


२४ मार्च

काका,

सकाळी मोठ्या बाईंकडे गेले आणि सांगितलं की तिसऱ्या ठाण्यातले हवालदार माझे सख्खे काका आहेत आणि फॉर्मवर मी 'नाही' असं लिहिलं आहे.

त्या लिहीत होत्या, ती ओळ त्यांनी पूर्ण केली. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी या खुर्चीत आहे. लोक नातं लपवून आपल्या माणसाला वर चढवतात. तू नातं लपवून काय करणार होतीस?"

"मला बघायचं होतं त्यांना."

"बघायला घरी जातात, बाळ."

घरी जाता येत नाही, हे सांगायला गेले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं.

"टिपणांत काही वाढवलंस का?"

"नाही. हवं तर त्या मुलीला विचारा. त्या शिंप्याला विचारा."

"मला विचारायची गरज नाही. मी तुझी टिपणं ओळखते." त्यांनी माझी अकरा पानं फाइलमधून काढली. "पण ही आता धरता येणार नाहीत. कळतंय ना? ही गेली की त्या ठाण्याच्या बाजूने कागदावर काही उरत नाही."

"हो."

"नवी पाहणी लावायला मुदत नाही. महिनाअखेरीला अहवाल जातो."

"हो."

"आणि तू आज सांगितलं नसतंस तर कुणाला कळलं नसतं."

याला मी हो म्हटलं नाही, पण मला ते माहीत होतं. रात्रभर मी हेच घोळवलं होतं की गप्प बसावं आणि तुमचं भलं करावं. आम्ही तुमचं इतकं वाईट केलं आहे की एक खोटं तुमच्या पारड्यात टाकलं तर फिटंफाट होईल. मग मला साडेतीनची ती नोंद दिसायला लागली, दोन वाजताच लिहिलेली.

मास्तर दारातून सगळं ऐकत होते. मी बाहेर आले तर म्हणाले, "आगीतून फुफाट्यात गेलीस, आणि काकालाही घेऊन गेलीस बरोबर." चिडून नाही म्हणाले. मग त्यांनी मला त्यांच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभे राहिले, जी त्यांचा गुडघा बघता मोठीच गोष्ट होती.

मला या फेरीतून काढलं आहे. सेवापुस्तकात एक शेरा येईल. नोकरी राहील असं वाटतं. (वाटतं.)


१२ एप्रिल

काका,

अहवाल सही होऊन गेला. निकाल तुम्हाला कार्यालयाच्या पत्रातून कळला असेल, 'अपुरे'. ते पत्र आधी पोचावं म्हणून मी चार दिवस थांबले. आता मनाई उठली आहे, तेव्हा ही सगळी पत्रं एका पाकिटात घालते. त्यातलं काही बदललेलं नाही. पहिल्यातलं खोटंही तसंच आहे.

मी माफी मागत नाही असं नाही, पण कशाकशाची मागायची याची यादी करायला बसले आणि शेवटी ही पत्रंच ती यादी आहेत असं दिसलं. तुमचं शिकवणं माझ्यामुळे थांबलं. मी फॉर्मवर पहिल्याच दिवशी खरं लिहिलं असतं तर माझ्या जागी दुसरं कुणी आलं असतं, त्यांनीही तेच पाहिलं असतं, आणि त्यांची पानं टिकली असती. हे मला नंतर सुचलं. आधी सुचायला हवं होतं.


२१ जून

काका,

तुमचं कार्ड मिळालं. 'पत्रे पोचली. चौथ्यावर नुसता वार आहे, तारीख नाही. काकू विचारते, दमा कसा आहे.' मी ते तीन वेळा वाचलं आणि मागेही बघितलं. चौथ्याची तारीख २२ मार्च. दमा बरा आहे असं काकूंना सांगा.

दादाने बाबांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "त्याने तेव्हाच सांगायला हवं होतं." आईने विचारलं, "कुणी?" तर म्हणाले, "वाढ आता." बाबांकडून इतक्यात पत्र येईल असं समजू नका. पण तुमचं कार्ड मी टेबलावर ठेवलं होतं, ते संध्याकाळी त्यांच्या चष्म्याखाली सापडलं.

आता जे सांगायला बसले ते.

तुमची चष्मेवाली काल आमच्या कार्यालयात आली होती. तुमच्याकडून काढून तिला त्या पहिल्या ठाण्यात घातलं आहे, चाकांच्या खुर्च्यांच्या. तिथल्या हवालदाराने पहिल्याच आठवड्यात तिची वही घेतली आणि म्हणाला, चल, तुझं राहिलेलं उरकून टाकू, दुपारपर्यंत सगळ्या सह्या करतो. तिने वही परत मागितली. तो म्हणाला, "अगं, फुकट देतोय!" ती म्हणाली, "तुम्ही पाहिलेलं नाही." आठवडाभर त्यांचं तेच चाललंय. आता तिथे तिला सगळे 'महाराणी' म्हणतात.

ती आमच्याकडे आली ती तक्रार करायला नाही. तिला विचारायचं होतं की सही नको असेल तर काय करायचं, त्याचा काही नमुना आहे का. मास्तरांनी कपाट उघडलं, खालपासून वरपर्यंत सगळे फॉर्म बघितले. बदलीचे, रजेचे, हरकतीचे. मग म्हणाले, "तीस वर्षं सही मागायला येणारे बघतोय. नको म्हणणारी पहिलीच. तुझ्यासाठी छापलेलं काही नाही गं."

मी तिला सांगितलं की मी तुझ्या आधीच्या हवालदारांची पुतणी आहे, मी तुला यात काही सल्ला देऊ शकत नाही. ती म्हणाली, "सल्ला नको, कोरा कागद द्या." तो दिला. तिने उभ्या उभ्या लिहिलं. 'वहीतील उरलेली वीस कामे मी करीन तेव्हा कोणीतरी पाहावीत. तोवर सही नको.' मोठ्या बाईंनी वाचलं, तारीख टाकली, शिक्का मारला. आता तिची नेमणूक पक्की व्हायला डिसेंबर उजाडेल. बरोबरीची मुलं ऑगस्टमध्ये पक्की होतील. हे तिला माहीत आहे, मी दोनदा सांगितलं.

हा कागद तुमच्या गुणांकनात धरता येत नाही. मी विचारून घेतलं. आणि तो तुम्हाला कळवायला मला हरकत आहे का, तेही विचारून घेतलं. अहवाल बंद झाला आहे, त्यामुळे नाही. ती लिहीत होती तेव्हा मी समोर उभी होते, हातभर अंतरावर. म्हणून हे तुम्हाला सही करून कळवते आहे.

तुमची पुतणी